तुम्ही विचारलंत म्हणून: सापडलेलं नाणं कशानं धुवायचं?

मेटल डिटेक्टर घेऊन जमिनीतल्या वस्तू शोधत फिरणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न आहे: "नाणं सापडलंय, हिरवं पडलंय, कशानं साफ करू?" माझं पहिलं उत्तर असतं, अजून कशानंच नको. आधी ते कशाचं आहे ते बघा. जुन्या तांब्याच्या नाण्यावरची अक्षरं बऱ्याचदा धातूत उरलेलीच नसतात. मूळ पृष्ठभागाचे क्षार झालेले असतात आणि ठसा त्या हिरव्या-तपकिरी थरातच टिकून असतो. थर उतरवला की हाती येते ती खडबडीत गुलाबी चकती, आणि ती कुणालाच ओळखता येत नाही.

पहिली चूक जागेवरच होते. नाणं वर आलं की अंगठा आपसूक त्यावर फिरतो. मातीत गारेचे बारीक कण असतात. कठिणता मोजणाऱ्या मोह्स मापावर (१ ते १०) गारेची कठिणता ७ आणि चांदी-तांब्याची ३ च्या आसपास, म्हणजे तुम्ही नाण्यावर पॉलिश पेपरच घासताय. मातीसकट पिशवीत टाका, पिशवीवर जागा आणि खोली लिहा.

घरी आल्यावर डिस्टिल्ड वॉटरमध्ये दिवसभर भिजत ठेवा. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं आणि तांब्याचं खरं वैर त्याच्याशीच आहे. पाणी गढूळ झालं की बदला. मऊ झालेली माती भिजवलेल्या बांबूच्या टूथपिकनं, दहापट भिंगाखाली, आडवी ढकलून काढा; टोचून उकरू नका. लिंबू-मीठ नको, व्हिनेगर नको, तारेचा ब्रश तर नकोच. आम्ल हिरवा थर विरघळवतं आणि मीठ वर आणखी क्लोराइड देतं. ऑलिव्ह तेलात महिनोन्‌महिने बुडवून ठेवण्याची पद्धत सौम्य वाटते, पण तेलातही आम्लं असतात. नाणं काळवंडतं आणि हळूहळू झिजतंही.

सगळाच हिरवा रंग वाईट नसतो. गुळगुळीत, कडक, गडद हिरवा असेल तर त्याला हात लावू नका. फिकट, पोपटी, नखानं भुकटी होणारा ठिपका असेल तर तो 'ब्राँझ डिसीज', म्हणजे तांब्याला आतून पोखरणारा रोग. आत अडकलेलं क्युप्रस क्लोराइड (तांब्याचा एक क्षार) हवेतल्या ओलाव्याशी आणि प्राणवायूशी प्रक्रिया करत राहतं, त्यातून आम्ल सुटतं आणि ते पुढचं तांबं खातं. शंका असेल तर नाणं ओल्या कापसाशेजारी, कापसाला न टेकवता, बंद डबीत एक दिवस ठेवा. नवी भुकटी आली तर रोग जिवंत आहे. उपाय जुना आणि संथ आहे: १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सुमारे २४ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट (धुण्याचा सोडा) आणि १९ ग्रॅम खाण्याचा सोडा. त्यात नाणं बुडवून दर आठवड्याला द्रावण बदलायचं, आणि हे आठवडेच काय, महिनेही चालतं. थराचा रंग थोडा बदलू शकतो, हे आधीच पत्करा. नंतर साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुवून पूर्ण सुकवायचं आणि ४० टक्क्यांखालच्या आर्द्रतेत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवायचं. पीव्हीसी प्लास्टिकची मऊ पाकिटं टाळा. त्यातून सुटणारं आम्ल नाण्यावर हिरवा चिकट लेप आणतं.

चांदीचं नाणं हिरवं निघालं तर बिचकू नका, तो हिरवेपणा मिश्रणातल्या तांब्याचा असतो. काळेपणा सल्फाइडचा. अॅल्युमिनियम फॉइल, गरम पाणी आणि खाण्याचा सोडा ही युक्ती तो काळेपणा घालवते खरी, पण उठाव दाखवणारी सावलीही त्याबरोबर जाते. मी तरी ती वापरणार नाही. शिशाच्या वस्तूवर पांढरी भुकटी असेल तर हातमोजे घाला आणि ती कोरडी झाडू नका, विषारी असते.

लोखंडाचं गणित वेगळं. चुंबक जोरात ओढत असेल तरच आत धातू शिल्लक आहे. तेव्हाच इलेक्ट्रोलिसिसचा, म्हणजे द्रावणातून वीज सोडून गंज काढण्याचा, विचार करावा: धुण्याच्या सोड्याचं द्रावण, वस्तू ऋण टोकाला, धन टोकाला साधं पोलाद. स्टेनलेस लावलं तर विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावर करा. चुंबक जेमतेम चिकटत असेल तर वस्तू म्हणजे नुसता गंजच आहे. वीज लावली की टाकीत भुगा मिळेल.

आता ओळख. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतो. वजन करा, मग ग्लासभर पाणी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्यानं पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. आलेल्या आकड्यानं वजनाला भागा, की धातूची घनता मिळते (पाणी १ धरून). चांदी १०.५, तांबं ८.९, शिसं ११.३, सोनं १९.३. १८३५ ते १९३९ मधला ११.६६ ग्रॅमचा चांदीचा रुपया पाण्यात १.१३ दाखवतो, म्हणजे घनता १०.३, त्यात तांबं मिसळलेलं असल्यानं शुद्ध चांदीपेक्षा थोडा कमी. गंजलेलं तांबं मात्र नेहमीच हलकं भरतं, तिथे या आकड्यावर फार विसंबू नका.

अक्षरं दिसत नसतील तर खोलीत अंधार करा आणि टॉर्च जवळजवळ आडवी धरून नाणं फिरवत चारही बाजूंनी फोटो घ्या. एका फोटोत न दिसलेलं अक्षर दुसऱ्यात उगवतं. हिजरी (इस्लामी) साल वाचता आलं तर ०.९७ नं गुणून ६२२ मिळवा, की इसवी सन येतं: ११०० म्हणजे साधारण १६८९.

आणि ज्याला नाणं समजताय त्याची मागची बाजू नीट बघा. मध्यभागी डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेल्या कडीचा खुंट असेल तर ते बटण आहे. तरीही घासू नका. कडेच्या खाचेत सोन्याचा मुलामा उरलेला असू शकतो.