आमची वाटचाल : शिकारी बुटांपासून जंगलातल्या गस्तीपर्यंत

आमच्या दुकानाच्या आतल्या खोलीत शिसवी लाकडाची एक पेटी आहे. तिच्यात खाकी कागदाच्या गुंडाळ्या आहेत. प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं काढलेली दोन पावलं, कडेला आकडे आणि कोपऱ्यात तारीख. आबांच्या, म्हणजे आजोबांच्या हातचे सगळ्यात जुने कागद 1936 चे. घडीवर फाटलेत, पण पावलांच्या रेघा अजून दिसतात. धंदा म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी ही पेटी दाखवतो.

आबा माप संध्याकाळीच घ्यायचे. दिवसभर चाललेला पाय सकाळच्या पायापेक्षा फुगलेला असतो, आणि बूट त्या फुगलेल्या पायाला घालायचा असतो. गिऱ्हाइकाला बसवून माप घ्यायचं नाही, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं करायचं. पेन्सिल सरळ धरायची, आत कलली की बूट आवळतो. जे मोजे घालून चालणार तेच मोजे पायात हवेत. आजही आमच्याकडे सकाळी दहाला कुणी माप द्यायला आलं तर आम्ही त्याला सहा वाजता परत बोलावतो. काही जण रागावून जातात. जाऊ देत.

कोल्हापूर दरबाराला शिकारीचा मोठा नाद. दाजीपूरचं रान शिकारीसाठी राखलेलं होतं. आज तिथं राधानगरी अभयारण्य आहे, 1958 साली गव्यांसाठी जाहीर झालेलं. इथल्या दरबारानं काळविटांच्या शिकारीला चित्तेही पाळले होते. आबांनी महाराजांचे बूट शिवले असं मी कधीच सांगत नाही, कारण ते खरं नाही. ते शिवायचे रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांचे, शिकारखान्यातल्या माणसांचे. त्या बुटांची पहिली अट पाण्याची नव्हतीच. आबा म्हणायचे, "बूट बोलला न्हाई पायजे." वाळल्या पाल्यावर तळ करकरला की जनावर उठलं. म्हणून तळाला खिळे नाहीत, लष्करी बुटासारखी नाल नाही, सगळं हाताच्या शिलाईवर. पाण्याचा नंबर दुसरा, कारण घाटातला पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला ठाऊक आहे की तिथं कोरडं राहायचं म्हणून कुणी चालत नाही.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारी बुटाचं गिऱ्हाईक आटलं. 1991 च्या दुरुस्तीनं उरलेसुरले परवानेही गेले. योग्यच झालं, गवे उरले ते त्यामुळेच. पण आमच्या घरातली एक विद्या बंद पडली. तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, कोल्हापुरी पायताणावर घर चालवलं, आबांचे फर्मे, म्हणजे ज्यांवर बूट घडवतात ते पावलाच्या आकाराचे साचे, माळ्यावर चढवले. त्या वीस वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पोटाला कमी पडलं नाही.

1994 साली मी फर्मे खाली काढले. आमच्याच पेठेतल्या एका व्यापाऱ्यानं भांडवल घातलं. तो माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणायचो. बूट शिवायचं पहिलं पोस्ट-बेड मशीन त्याच्या पैशानं आलं हे मी आजही मान्य करतो. बाकी हत्यारं घरची : आबांची चामडं कापायची रापी, भोकं पाडायच्या तीन जातींच्या आऱ्या, आणि गोळा झालेलं मेण. रापीचं पातं घासून घासून आता निम्मं उरलंय, पण कातड्याची कड छाटताना नवी रापी हातात बसत नाही. कारागीर हे वाचत असतील त्यांना सांगायला नको.

चामड्याचं आम्हाला नव्यानं शिकावं लागलं. कोल्हापुरी पायताणाचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. उन्हाळ्यात त्यासारखं सुख नाही, पण ते पाणी पितं आणि सैल पडतं. जंगलातल्या बुटाला क्रोम पद्धतीनं कमावलेलं, तेल मुरवलेलं, जाड चामडं लागतं. ते आम्ही तामिळनाडूतून, आंबूर-वाणियंबाडीकडून आणतो. जाडी दोन मिलिमीटरच्या वर. करवीच्या झुडपांची तुटकी खुंटं आणि करवंदीचे काटे यापेक्षा पातळ चामड्याला दाद देत नाहीत.

आता पाण्याचं. लोक विचारतात, "वॉटरप्रूफ आहे का?" बुटात पाणी तीन वाटांनी येतं. एक, शिलाईच्या भोकांतून. म्हणून आरीचं भोक दोऱ्यापेक्षा बारीक पाडायचं आणि मेणवलेला दोरा ओढून बसवायचा. पुढचा भाग शक्यतो एकाच तुकड्याचा, म्हणजे बोटांवर शिलाईच येत नाही. दोन, जिभेच्या बाजूंनी. जीभ दोन्ही कडांना वरपर्यंत शिवलेली हवी, नुसती लोंबती नको. तीन, वरून, म्हणजे घोट्यावरून. ओढा मांडीपर्यंत असेल तर जगातला कुठलाही बूट तिथं हरतो. म्हणून वरून आलेलं पाणी लवकर निघेल आणि पाय सोलणार नाही, हे बघायचं. गमबूट पाणी अडवतो खरा, पण एकदा आत शिरलं की बाहेर सोडत नाही, आणि उतारावर घोटा सांभाळत नाही.

आत पातळ वॉटरप्रूफ पडदा असलेल्या बुटांबद्दल मला रोज विचारतात, म्हणून इथेच सांगतो. पडदा खोटा नाही. बाहेरचं पाणी अडवतो आणि आतली घामाची वाफ सोडतो. पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा कोरडी लागते. हिमालयात, युरोपच्या थंडीत तो उत्तम. जुलैत आंबोलीला किंवा गगनबावड्याला हवाच पाण्यानं भरलेली असते, बुटाचं वरचं कापड चिंब झालेलं असतं, मग वाफ जाणार कुठं? पाय घामानंच भिजतो. थंडीत जंगल फिरणाऱ्यांनी खुशाल घ्यावा. पावसाळ्यात गस्त घालणाऱ्याला मी देत नाही.

1997 च्या मे महिन्यात राधानगरीकडचे एक वनमजूर दुकानात आले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. लहानपणी झाडावरून पडून त्यांचा डावा घोटा मोडला होता आणि तसाच वाकडा जुळला होता. बाजारात 'हंटर शूज' म्हणून मिळणारे हिरव्या कॅनव्हासचे बूट ते घालायचे, दर पावसाळ्याला एक जोड. उजवा धड राहायचा, डावा महिन्यात फाटायचा. मी त्यांना कागदावर उभं केलं. डावं पाऊल उजव्यापेक्षा अर्ध्या नंबरानं मोठं आणि आतल्या बाजूला कललेलं. फर्म्यावर चामड्याच्या चकत्या चिकटवून मी त्यांच्यापुरता डावा फर्मा वाढवला. बूट पायात घालून त्यांनी दुकानातल्या दुकानात चार फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "मालक, ह्यो पाय माझा वाटाय लागला." तो फर्मा मी अजून कुणाला दिलेला नाही.

मधली बरीच वर्षं नीट गेली.

2011 साली दादानं मोठी ऑर्डर आणली, 640 जोड. कुणासाठी ते लिहीत नाही. आम्ही तोवर व्हल्कनाइझ केलेला, म्हणजे तापवून पक्का केलेला, रबराचा तळ वेल्टवर, म्हणजे बुटाच्या कडेनं फिरणाऱ्या पट्टीवर, शिवत होतो. दादाचं म्हणणं, हा तळ जड, दिसायला जुनाट, आणि वेळ खातो. त्यानं बाहेरून तयार पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचे, तळ आणले. हलके, गुबगुबीत, दिसायला देखणे. नुसते सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा गोंद, लावून दाबायचे. मी नको म्हटलं होतं. कागदावर नाही, तोंडी म्हटलं होतं, आणि तिथंच माझं चुकलं. भांडवल त्याचं होतं, घरात थोरल्या मुलीच्या शिक्षणाची फी भरायची होती. मी मान डोलावली.

माल वेळेत गेला आणि गोदामात पडून राहिला. एक पावसाळा, दुसरा पावसाळा, पत्र्याच्या छपराखाली, खोक्यांत. जोड वाटले गेले ते 2013 च्या जूनमध्ये.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मामा आले. खांद्यावर पोतं. आत त्या ऑर्डरीतले तीन जोड, त्यांचा एक आणि सोबत्यांचे दोन. एका बुटाचा तळ काथ्यानं बांधलेला होता. तो मी हातात घेतला, अंगठ्यानं टाचेवर दाबलं, आणि तळ चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा गळून माझ्या मांडीवर पडला. पिवळट, चिकट चुरा. वास आंबट. मामा म्हणाले, "बूट फाटला न्हाई मालक, तळ इरघळला."

पीयूचा हा रोग आता ट्रेकिंगवाल्या पोरांनाही माहीत आहे. हवेतला ओलावा आत शिरतो आणि पीयूच्या रेणूंची साखळीच तोडतो. बूट वापरला नाही तरी तोडतो. खोक्यात जपून ठेवलेला जोडही मरतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत लवकर मरतो. पीयूतही फरक असतो. पॉलिएस्टरचा लवकर जातो, पॉलिइथरचा ओलाव्यात जास्त टिकतो. दादानं आणलेला स्वस्तातला होता. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त मांडीवरचा चुरा कळला.

पैसे अडकले. 640 पैकी शेवटच्या हप्त्याचा एक रुपया आजतागायत मिळालेला नाही. दादानं हात वर केले, आणि त्याहून वाईट म्हणजे पेठेत सांगत सुटला की शिलाई कच्ची होती. माझी शिलाई. दिवाळीपर्यंत त्यानं दुसऱ्या कारखान्यात भागी केली, आमच्या फर्म्यांच्या मापांवरून काढलेले फर्मे वापरून. चार कारागिरांपैकी दोन तिकडे गेले. त्यांना मी दोष देत नाही, घरं त्यांचीही होती.

मी एकच केलं. जे जोड परत आणता आले ते आणले. 412 आले. प्रत्येक जोड टेबलावर घेऊन उघडून पाहिला. एकाही बुटाची अप्परची, म्हणजे तळावरच्या चामड्याची, शिलाई उसवलेली नव्हती. एकाही नाही. हे इथे लिहून ठेवतो, कारण त्या वेळी ऐकायला कुणी तयार नव्हतं. त्यातला एक विरघळलेला तळ मी काचेच्या बरणीत ठेवलाय, दुकानात गल्ल्यामागे.

दुसरं मशीन विकलं. पतसंस्थेचं कर्ज काढलं. 412 जोडांना रबराचा तळ वेल्टवर शिवून दिला, फुकट. मी, तात्या आणि उरलेले दोघे. तात्यांचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. दिवसाला पाच जोड व्हायचे, कधी सहा. वेल्टही बदलला, उभ्या कडेचा घेतला. म्हणजे तळ आणि अप्पर जुळतात तिथं पाणी अडायला एक बांध होतो. हा बदल तात्यांनी सुचवला.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मामांच्या गस्तीतली माणसं एकेकटी यायला लागली. आपल्या खिशातले पैसे घेऊन. त्या उन्हाळ्यात 19 जोड झाले. मामांनी कुणापुढे आमची शिफारस केली नव्हती, मी विचारलं तर म्हणाले, "म्या काय बोललो न्हाई. त्यांनी माझं पाय बघितलं." ओल्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, शेवाळावर, जळवांच्या पाणंदीत तो माणूस तोच जोड घालून सबंध पावसाळा चालला होता.

दादा मला नंतर दोनदा भेटला, एकदा लग्नात, एकदा बँकेत. बोलला नाही. पैसे बुडाल्याचं दुःख मला आता राहिलेलं नाही. शिलाईबद्दल जे बोलला ते त्यानं परत घ्यावं, एवढीच इच्छा आहे.

त्यानंतर ट्रेकर आले, पक्षी बघणारे आले, वन्यजीव अभ्यासणाऱ्या मुली आल्या. मुलींसाठी वेगळे फर्मे केले, कारण बायकांची टाच अरुंद असते आणि पुरुषी फर्म्याचा लहान नंबर देणं म्हणजे फसवणूक आहे. 2019 च्या महापुरात दुकानात कमरेएवढं पाणी होतं, मशीन गंजलं, कागदांची पेटी आदल्या रात्री माळ्यावर नेली म्हणून वाचली.

आता बूट घेणाऱ्यांसाठी थोडं, आमच्याकडून घ्या किंवा दुसरीकडून. पुढे अंगठ्याएवढी जागा सोडा, नाहीतर उतारावर नखं काळी पडतील. टाच मात्र उचलली जाता कामा नये. सुती मोजे पावसात घालू नका, लोकरीचे घाला, भिजले तरी ऊब धरतात आणि कमी सोलतात. नवा बूट थेट जंगलात नेऊ नका, पंधरा दिवस घरात, बाजारात वापरा. भिजलेला बूट चुलीजवळ किंवा हिटरपुढे ठेवला की चामडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, सावलीत वाळवा. मेण-तेलाचा हात महिन्यातून एकदा, आणि तो शिलाईवर जास्त, चामड्यावर कमी. दुकानात तळाची चौकशी करा. पीयू असेल तर कधी बनला ते विचारा, सांगत नसतील तर उठा.

मामा 2021 साली निवृत्त झाले. आता त्यांचा मुलगा वनरक्षक आहे. त्याचे दोन्ही पाय सरळ आहेत, साध्या फर्म्यावर काम होतं. मामा तरी दर वर्षी मेमध्ये येतात, जुन्या जोडाला तळ लावून घ्यायला. गेल्या वर्षी मी त्यांना पुन्हा कागदावर उभं केलं आणि 1997 च्या कागदाशेजारी ठेवलं. डावं पाऊल आणखी पसरलंय, जवळजवळ पाव इंच. चकती वाढवावी लागली.

यंदाची मापं 15 मे पर्यंतच घेणार आहोत. जून लागला की ओल्या हवेत सोल्युशन धरत नाही, आणि घाईत जोडलेला तळ आम्ही पुन्हा कधी विकणार नाही. संध्याकाळी पाच ते आठ, सोमवार बंद. मोजे सोबत आणा.