बोर्ड राहू द्या, आधी प्रोसेसर बघू : आमच्या दुकानाची वाटचाल

२०१४ ला कॉम्प्युटरचं दुकान टाकलं तेव्हा गेमिंग वगैरे काही डोक्यातच नव्हतं. कार्ट्रिज रिफिल, विंडोज टाकून देणे, सीए लोकांच्या ऑफिसातले टॅलीचे पीसी, एवढंच. सांगलीत हरभट रोडच्या आतल्या बोळात दहा बाय बाराचा गाळा, मी, धाकटा भाऊ आणि एक टेबल. महिन्यातनं एकदा माल आणायला रात्रीची महालक्ष्मी धरायची, दादरला उतरून स्लो लोकलनं ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोडची दुकानं काही अकराशिवाय उघडत नाहीत मग तोवर चहावर चहा, आणि परत येताना मदरबोर्डचे बॉक्स मांडीवर, कारण सीटखाली ठेवले की कोणतरी पाय देणार हे ठरलेलं.

गेमिंगचं पहिलं गिऱ्हाईक २०१७ च्या दिवाळीत आलं, इंजिनिअरिंगचा पोरगा. तेव्हा इंटेलची आठवी जनरेशन नुकतीच आली होती म्हणून सातव्याचा माल जरा स्वस्तात मिळाला, मी खूश, त्याला आय५-७४०० प्रोसेसर आणि बी२५० चिपसेटचा, म्हणजे २०० सिरीजचा बोर्ड लावून दिला. दोन वर्षांनी तो ऑनलाईन घेतलेला आय५-९४००एफ खिशात घालून आला, म्हणे दादा फक्त बसवून द्या. बसला की! सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, तोच, ११५१, खाचा पण त्याच. पंखा फिरला, स्क्रीन काळी ती काळीच. आठव्या-नवव्या जनरेशनला ३०० सिरीजचा बोर्ड लागतो, सॉकेटचा नंबर सारखा असला तरी. हे मला माहीत होतं हो, पण विकताना "पुढं यात काय बसणार" हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्याला बोर्ड खरेदीच्या भावात दिला, मजुरी घेतली नाही, तरी तो जाताना ज्या नजरेनं बघून गेला ते अजून आठवतं.

त्या दिवसापासनं बिलाच्या मागे पेनानं लिहून द्यायला लागलो, सॉकेट कुठला, चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) कुठला, यात वर कुठपर्यंतचा प्रोसेसर चालेल. भाऊ म्हणायचा असं लिहून दिलंस तर लोक पुढचा माल ऑनलाईन घेतील. काहींनी घेतला पण. पण बसवायला इथंच आले.

मधेच २०१९ चा महापूर. आमचा माल आदल्या रात्री वरच्या मजल्यावर नेला म्हणून वाचला, पण पाणी उतरल्यावर लोकांनी चिखलानं भरलेले कॅबिनेट आणायला सुरवात केली, पंधरा दिवस नुसतं ब्रश आणि आयपीए, म्हणजे बोर्ड धुवायचं अल्कोहोल. त्यात एक गोष्ट दिसली, प्रोसेसर बहुतेक सगळे जगले, बोर्ड मेले. आणि चौथ्या-सहाव्या जनरेशनचे चांगल्या कंपनीचे बोर्ड नवीन मिळेनात, एकतर सेकंडहँड नाहीतर चायना. म्हणून मी सांगतो, जुन्या पीसीत बोर्ड हाच नाजूक माल, चांगला चालत असेल तर उगाच हात लावू नका.

एएमडी कंपनीचे रायझन प्रोसेसर आल्यावर आमचं काम खरं बदललं. २०१८ च्या दिवाळीत एकाला रायझन ५ २६०० आणि बी४५० लावून दिला होता, २०२३ ला तोच पीसी परत आला, व्हॅलोरंटमध्ये अटकतोय म्हणून. बोर्ड तोच ठेवला, बायोस, म्हणजे बोर्डातला पीसी सुरू करणारा प्रोग्राम, अपडेट केलं, रायझन ५ ५६०० टाकला. रॅम तीच, कूलर बॉक्समधला, अर्ध्या तासाचं काम. ५५०० पण दाखवला होता कारण तो स्वस्त, पण त्यात एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी, १६ एमबी आणि ५६०० मध्ये ३२, गेमला हा फरक लागतो, तिथं पैसे वाचवू नका म्हटलं.

बायोसवरून आठवलं. दुकानाच्या ड्रॉवरमध्ये एक रायझन ३ २२००जी आहे, विकायचा नाही. नवीन बी४५० बोर्डात जुनं बायोस निघालं की ५००० सिरीजचा प्रोसेसर त्याला ओळखूच येत नाही, डिस्प्लेच येत नाही, मग आधी हा लावायचा, अपडेट मारायचा, काढायचा. किती बोर्डात जाऊन आला असेल देव जाणे. आणि एकदा वळवाच्या दिवसात संध्याकाळी अपडेट साठ टक्क्यांवर असताना लाईट गेली. यूपीएस होता, बॅटरी मेलेली होती, ती माझीच चूक, सहा महिने आज बदलू उद्या बदलू चाललं होतं. बोर्ड गप्प. शेवटी प्रोग्रामर, म्हणजे चिपमध्ये थेट बायोस भरायचं यंत्र, मागवला, त्याची क्लिप बायोस चिपच्या आठ पायांवर बसवताना तिसऱ्या वेळेला हात थरथरला, चौथ्या वेळेला बसली, आणि लोगो दिसल्यावर भावानं समोरच्या टपरीवरनं भजी आणली.

एएम४, म्हणजे या रायझनच्या सॉकेटवाल्यांनी घरी कूलर उपटू नका बरं का. पेस्ट वाळलेली असते, प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून तसाच बाहेर येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं गेम चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, मग कूलर जरासा डावी-उजवीकडं फिरवून उचला. वाकलेल्या पिना आम्ही क्लिक पेन्सिलीचं रिकामं टोक घालून एकेक सरळ करतो, पण तुटली तर मग काय करणार.

आता कोणी अपग्रेडला आलं की आधी त्यालाच पंधरा मिनिटं दुकानात खेळायला बसवतो, कोपऱ्यात आफ्टरबर्नरचे (कार्ड-प्रोसेसर किती चाललेत ते दाखवणारं सॉफ्टवेअर) आकडे लावून. ग्राफिक कार्ड ९७-९८ टक्के चाललंय? मग प्रोसेसर बदलून काही होणार नाही, घरी जा. कार्ड साठ-पासष्टवर लोळतंय आणि गेम अटकतोय? मग प्रोसेसर बघू. मिरजेहून एक काका मुलाला घेऊन आले होते, वीस हजार काढून ठेवलेले, उघडून बघतो तर आठ जीबीची एकच रॅम. दुसरी जोडीला लावली, ड्युअल चॅनल झालं, म्हणजे दोन्ही रॅम मिळून काम करायला लागल्या, अटकणं बऱ्यापैकी गेलं, उरलेले पैसे काकांनी तिथंच मोजून खिशात ठेवले. पोरगा थोडा नाराजच होता, त्याला नवीन बॉक्स उघडायचा होता.

एएम५, म्हणजे रायझनचा पुढचा सॉकेट, वाईट आहे असं नाही, नवीन पीसी करायचा असेल तर मी तोच सांगतो, एएमडीनं २०२७ पर्यंत तरी त्याला सपोर्ट देऊ म्हटलंय. पण त्यात नवीन डीडीआर५ रॅमशिवाय चालत नाही, म्हणजे प्रोसेसर, बोर्ड, रॅम तिन्ही एकदम, आणि २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव जे चढले त्यात जुनी डीडीआर४ ठेवून नुसता प्रोसेसर बदलणारे परत वाढले. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून विंडोज ११ टाकायला पण रांग आहे, त्यात निम्म्यांचा पीसी चांगला असतो, नुसतं त्याला लागणारं टीपीएम, म्हणजे सिक्युरिटीचं फीचर, बायोसमध्ये चालू करायचं राहिलेलं असतं. त्याचे पैसे घेत नाही.

आता गाळा मोठा झालाय, एक मुलगा कामाला आहे, लॅमिंग्टनला जायला लागत नाही, माल कुरिअरनं येतो. पीसी दाखवायचा असेल तर नुसतं कॅबिनेट आणा, मॉनिटर-कीबोर्ड आमच्याकडं आहे, गेमचा पासवर्ड तेवढा आठवून या, निम्मा वेळ ओटीपीची वाट बघण्यात जातो. सोमवारी बंद.