बी.एस्सी. नर्सिंग: प्रवेशापासून नोंदणीपर्यंतचा माझा अनुभव

महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगचा प्रवेश आणि पदवी दोन्ही पदरात पाडून घेतल्यावर सांगते, इथे गाडं मार्कांवर कमी आणि कागदांवर व तासांवर जास्त अडतं. म्हणून मार्कांचं थोडक्यात उरकते.

बारावी विज्ञान, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी मिळून किमान ४५ टक्के, म्हणजे ३०० पैकी १३५. राखीव प्रवर्गांना ४० टक्के, म्हणजे १२०. इंग्रजीत स्वतंत्रपणे पास हवं. बायोलॉजी सोडून दोनशे मार्कांचा व्होकेशनल विषय घेतलेल्यांना बाकी कितीही मार्क असले तरी अर्ज करता येत नाही. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत.

आमच्या वेळी नीटच्या गुणांवर यादी लागायची. आता राज्याच्या सीईटी कक्षाची वेगळी नर्सिंग सीईटी आहे: १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड, प्रत्येकी २०. विज्ञानाची मुलं पहिल्या तीन विषयांत बुडून जातात आणि शेवटच्या दोनांना 'ते येतंच' म्हणून सोडतात. चाळीस मार्क तिथे आहेत, आणि कमी वेळात वाढतात ते तिथलेच. सैन्याच्या नर्सिंग कॉलेजांचा रस्ता मात्र निराळा. पुण्याचं एएफएमसी किंवा मुंबईचं आयएनएचएस अश्विनी हवं असेल तर नीट द्यावीच लागते, त्यापुढे सैन्याची स्वतःची निवड प्रक्रिया असते, आणि तिथे फक्त मुलींना प्रवेश आहे, विवाहितांना नाही.

सीईटीचा फॉर्म म्हणजे प्रवेशाचा फॉर्म नव्हे. निकालानंतर कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी, तिची फी वेगळी, कागदपत्रं अपलोड करणं वेगळं. चांगला स्कोअर असून यादीत नाव नाही, अशी जी मुलं दरवर्षी भेटतात, त्यांतली बरीचशी इथेच राहिलेली असतात.

आता कागद. दहावी-बारावीच्या मार्कशीट, कॉलेज सोडल्याचा दाखला, वय-अधिवास-राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र, आधार, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र. हे महिन्याभरात जमतं. जमत नाही ती राखीव जागेला लागणारी जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला तपासून मिळणारं प्रमाणपत्र, सगळ्यांच्या तोंडी असलेली 'व्हॅलिडिटी'. ती बारावीच्या निकालानंतर काढायला घेतली की उशीर झालाच समजा. अकरावीतच अर्ज टाका, कारण जात पडताळणी समितीला ज्युनियर कॉलेजच्या प्राचार्यांच्या सहीचा १५-अ नमुना लागतो आणि तिथे शिकत असताना तो सहज मिळतो. सोबत वंशावळीचं शपथपत्र नमुना ३, दुसरं शपथपत्र नमुना १७, आणि वडील, आजोबा, चुलते यांच्या शाळेचे जुने दाखले. अडतं ते या दाखल्यांवर. आजोबांच्या दाखल्यावर जातीचा उल्लेख वेगळ्या शब्दांत असेल, किंवा आडनाव बदललेलं असेल, तर समिती त्रुटी काढते आणि त्या पत्राला उत्तर देईपर्यंत फाइल तिथेच पडून राहते. घरात काका, आत्या, चुलत भाऊ अशी वडिलांकडच्या कुणाची व्हॅलिडिटी आधीच झालेली असेल तर तिची प्रत जोडा. सगळ्यात वजनदार पुरावा तोच ठरतो.

ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी आणि एसईबीसी यांना यावर नॉन-क्रिमिलेअरही लागतं, आणि ते ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश आहे त्याच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. जुलैत वैध असलेलं पण मार्चच्या आत संपणारं प्रमाणपत्र धरत नाहीत. एससी-एसटीला नॉन-क्रिमिलेअर नाही, ईडब्ल्यूएसला व्हॅलिडिटी नाही. सेतू केंद्रात दाखला घेताना नमुना वाचून घ्या. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीचा ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस नमुना राज्याच्या कॅपला चालत नाही, आणि खिडकीवरच्या माणसाला तुमचा उपयोग काय आहे ते माहीत नसतं.

कॅपमध्ये कॉलेजांचे पर्याय भरताना एक नियम डोक्यात पक्का ठेवा. मिळालेल्या कॉलेजात जाऊन प्रवेश घेतला आणि स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरला, की पुढच्या फेरीतून तुम्ही बाहेर. तो न भरता पुढच्या फेरीत वरचं कॉलेज लागलं, की जुनी जागा आपोआप जाते, ती परत मागता येत नाही. म्हणून जिथे खरोखर जायचं नाही असं कॉलेज यादीत 'असू दे वर' म्हणून टाकू नका. जागा रिकाम्या राहिल्या म्हणून पात्रतेची किमान पर्सेंटाइल नंतर खाली आणल्याचंही घडलेलं आहे. तेव्हा स्कोअर कमी आहे म्हणून पहिल्या फेरीनंतर साइट बघणं सोडू नये.

कॉलेज कसं पाहावं? इमारत, लॅब, वसतिगृह नंतर. आधी हॉस्पिटल. भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषांनुसार कॉलेजचं स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय हवं. खाटा कागदावर शंभर आणि पेशंट वीस, असं असेल तर पुढे तुमचं लॉगबुक, म्हणजे केलेल्या प्रोसिजरची नोंदवही, भरणार नाही. सकाळी दहाला ओपीडीत जाऊन उभं राहा, प्रसूती विभागात महिन्याला किती बाळंतपणं होतात ते तिथल्या सिस्टरांना विचारा. जिल्हा रुग्णालयाशी संलग्नता आहे का आणि तिथे नेणारी बस रोज जाते का, हेही विचारा. सरकारी कॉलेजांत, उदाहरणार्थ मुंबईत जे. जे.च्या आवारातल्या संस्थेत, हा प्रश्नच येत नाही. तिथे पेशंटची वाण नसते, वेळेची असते. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेल्या आकड्याशी ताडून बघा. मुलींसाठी २०२४चा शासन निर्णय महत्त्वाचा: ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. मात्र प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही, आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो.

मूळ कागद कॉलेजात जमा करण्याआधी पाच-सहा झेरॉक्स संच आणि स्वच्छ स्कॅन करून ठेवा. हिपॅटायटिस बीची लस वॉर्डात पाऊल टाकण्यापूर्वी सुरू करा. तीन डोस असतात, ०, १ आणि ६ महिन्यांचे, आणि सुई टोचण्याचा धोका पहिल्याच सेमिस्टरपासून असतो.

अभ्यासक्रम २०२१ मध्ये राजपत्रात आलेल्या नियमांनुसार आठ सेमिस्टरचा आहे, परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या. थिअरीत २५ अंतर्गत आणि ७५ विद्यापीठाचे, पास व्हायला ५० टक्के, थिअरीत वेगळे आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगळे. इंग्रजीपुरते ४०. पहिल्या सेमिस्टरला एक फसवी गोष्ट आहे. नर्सिंग फाउंडेशन-१ची विद्यापीठाची परीक्षा त्या वेळी होत नाही, म्हणून मुली तो विषय बाजूला टाकतात. त्याचे अंतर्गत मार्क दुसऱ्या सेमिस्टरच्या फाउंडेशन-२मध्ये मिळवले जातात, आणि तेव्हा पहिल्याचे हे सेशनल, म्हणजे अंतर्गत मार्क, सुधारता येत नाहीत. तिसऱ्या सेमिस्टरच्या फार्मॅकॉलॉजी आणि पॅथॉलॉजीचंही तसंच, ते चौथ्यात उगवतात. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पेपर एकच, ३७ आणि ३८ मार्कांचे दोन भाग. त्यामुळे एक भाग ऑप्शनला टाकायची सोय नाही.

हजेरीचा नियम सगळ्यांना अर्धाच ठाऊक असतो. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत ८० टक्के, हे बरोबर. पण पदवी मिळण्यासाठी प्रत्येक क्लिनिकल विभागात १०० टक्के भरावे लागतात. क्लिनिकलचं एक क्रेडिट म्हणजे ८० तास. पहिल्या सेमिस्टरला फाउंडेशनचे दोन क्रेडिट म्हणजे १६० तास. १२८ तास झाले की हॉल तिकीट येतं आणि हायसं वाटतं. उरलेले ३२ तास मात्र खात्यावर बाकी राहतात. अशी बाकी सात सेमिस्टर साठली की शेवटच्या वर्षी सुट्ट्या रद्द करून ड्युट्या भरत बसावं लागतं, तेही त्याच विभागात. बालरोग विभागातले तास मेडिकल वॉर्डात फिटत नाहीत. ट्यूटरची सही नसलेली ड्युटी मोजत नाहीत. त्यामुळे आजारपणात गेलेले तास त्याच सेमिस्टरच्या सुट्टीत भरून सही घ्यावी, आणि स्वतःची तारीखवार वही ठेवावी. कॉलेजचं रजिस्टर आणि आपला हिशेब जुळेनासा झाला की ती वहीच कामी येते.

लॉगबुकचंही असंच. प्रोसिजर केली त्याच दिवशी सही. ट्यूटर बदलतात, वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर बदलून जातात, आणि सहा महिन्यांपूर्वीच्या कॅथेटरायझेशनवर सही द्यायला कुणी तयार नसतं, ते योग्यच आहे. सगळ्यात उशिरा भरतात ती बाळंतपणं, कारण लेबर रूममध्ये एमबीबीएसची मुलं आणि जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाच्या विद्यार्थिनीही रांगेत असतात. नाइट ड्युटी मागून घ्या, रात्री गर्दी कमी असते. इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक, विषय आणि सक्तीची मॉड्यूल्स कुणी गंभीरपणे घेत नाही, पण त्यांचाही निकाल लागतो.

विषय राहिला तर पुढच्या सेमिस्टरला बसता येतं, पण पाचव्या, सातव्या आणि आठव्या सेमिस्टरच्या परीक्षेआधी मागचं सगळं सुटलेलं हवं. एकूण मुदत आठ वर्षं. आठवं सेमिस्टर पूर्ण इंटर्नशिप: २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास, म्हणजे १,०५६ तास. त्याआधी सातव्यात संशोधन प्रकल्प असतो. विषय निवडताना नमुना आपल्याच रुग्णालयात मिळेल एवढाच पाहा, कारण परवानगीची पत्रं फिरण्यात महिना जातो.

पदवी मिळाली तरी १९६६च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. एम्सच्या नॉरसेटसारख्या नर्सिंग भरतीच्या परीक्षांनाही नोंदणी लागते. अर्ज ऑनलाइन, सोबत सर्व सेमिस्टरच्या मार्कशीट, पासिंग सर्टिफिकेट, इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला. सर्वाधिक अर्ज नावावरून परत येतात: दहावीला आईचं नाव आहे, आधारवर नाही, मध्ये लग्न होऊन आडनाव बदललं. विद्यापीठाच्या पहिल्या मार्कशीटवरचं स्पेलिंग दहावीशी अक्षरन्‌अक्षर जुळतंय का, ते पहिल्याच वर्षी बघून दुरुस्तीचा अर्ज टाकला तर हे टळतं. आणि परदेशी जायचा विचार अंधूकसा जरी असेल, तर कॉलेज सोडतानाच विषयवार थिअरी आणि क्लिनिकल तासांचं ट्रान्सक्रिप्ट सही-शिक्क्यानिशी मागून घ्या. नंतर मागितलं की जुनी रजिस्टरं शोधायला क्लार्कला वेळ नसतो.