धन की घन: सॅन्स फॉन्टच्या कामाची सातवी नोंद

मी देवनागरीचा एक सॅन्स, म्हणजे बिनसजावटीच्या साध्या रेघांचा, फॉन्ट काढतो आहे. गेल्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की रेग्युलर, म्हणजे साध्या जाडीचं वजन, संपलं, आता फक्त ठळक बाकी. ते वाक्य मागे घेतो. रेग्युलरची फाइल पुन्हा उघडली आहे, आणि कारण काय, तर एक फट.

ध आणि भ यांच्या शिरोरेषेला डावीकडे जी फट असते, ती. मी ती ४८ युनिटांची (युनिट म्हणजे फॉन्ट आखायचं माप) ठेवली होती. पडद्यावर हातभर मोठं अक्षर करून बघत बसलो की ती फारच देखणी दिसायची. मग १२ पिक्सेलला एक परिच्छेद लावला आणि ‘धन’चं ‘घन’ झालं, ‘भान’चं ‘मान’. खरं तर हिशेब आधीच करायचा. एम, म्हणजे अक्षर आखायच्या चौकटीची उंची, १००० युनिटांचा, म्हणजे १२ पिक्सेलला एक पिक्सेल साधारण ८३ युनिटांचा. त्यात ४८ची फट म्हणजे अर्ध्या पिक्सेलहून जेमतेम जास्त. स्क्रीन ती करड्या रंगाने लिंपून मोकळी होते. फट ९० केली. बारीक मजकूर लगेच वाचता आला, पण मथळ्याच्या आकारात ध पुढचा दात पडल्यासारखा दिसायला लागला. शेवटी ७४वर थांबलो आणि फटीखालची गाठ थोडी लहान केली. पांढरी जागा आता आकड्यापेक्षा जास्त वाटते. डोळ्याला फसवायचं, दुसरं काय!

यावर रीतसर उपाय ऑप्टिकल साइझचा अक्ष, म्हणजे छपाईच्या आकारानुसार अक्षराचं रूप बदलायची सोय, हे मला माहीत आहे. २०१६मध्ये व्हेरिएबल फॉन्ट (एकाच फाइलीत जाडी-रुंदी हवी तशी बदलता येणारे) आले तेव्हापासून वजन आणि रुंदीसारखाच तोही नोंदणीकृत अक्ष आहे. पण वजनाचे दोन मास्टर (हाताने काढलेली टोकाची रूपं, मधली वजनं संगणक त्यांच्यावरून काढतो) असताना हा अक्ष जोडला की चार होतात, आणि जोडाक्षरं धरून प्रत्येक मास्टरमध्ये शेकडो ग्लिफ, म्हणजे काढायच्या आकृत्या. माझ्या संध्याकाळी तेवढ्या नाहीत. त्यामुळे ‘सगळीकडे चालेल असा फॉन्ट’ म्हणजे माझ्यापुरतं असं ठरलं: जिथे बारीक आणि मोठ्या आकाराचं भांडण होईल, तिथे निकाल बारीक आकाराच्या बाजूने.

आता ठळकबद्दल. अक्षररचनाकार फ्रुटिगरने त्याच्या युनिव्हर्स या रोमन फॉन्टचं अख्खं २१ जणांचं कुटुंब आधी आखलं आणि मधल्या साध्या वळणाला ५५ क्रमांक दिला. १९५७चं ते काम बघून मीही कागदावर नऊ वजनं आखून ठेवली होती. त्याला इ काढायची नव्हती, एवढंच. माझ्या फॉन्टमध्ये शिरोरेषेपासून पायापर्यंत ६४० युनिट आहेत. इ मध्ये तेवढ्यात शिरोरेषा आणि तिच्याखाली आणखी तीन आडवे फटकारे बसवायचे. काना १९० जाड, म्हणून सगळंच १९०चं केलं तर चार रेघांचे ७६० होतात. जागा ६४०! कितीही हुशारी केली तरी हे बसणार नाही. म्हणून काना १९०च, शिरोरेषा १३२, आतले फटकारे १०४. उरलेल्या १९६मध्ये तीन पांढऱ्या पट्ट्या, प्रत्येकी ६५च्या आसपास. आश्चर्य म्हणजे शिरोरेषा इतकी बारीक आहे हे ओळीत कळतच नाही. ती सलग धावते म्हणून आहे त्यापेक्षा जाड वाटते.

मधल्या वजनांचाही घोळ झाला होता. सर्वांत बारीक वजनाचा काना २८, सर्वांत ठळक म्हणजे काळ्या वजनाचा १९०. मी सरळ मध्य काढून १०९ला ‘रेग्युलर’ म्हणत होतो आणि ते दिसायचं चांगलं जाडजूड. डोळा फरक मोजत नाही, पट मोजतो. अक्षररचनाकार लुकास डी ग्रूटचं सूत्र लावलं, दोन्ही जाड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ, तर उत्तर आलं ७३. बसलं. त्याच दिवशी ळ मात्र मधल्या वजनांत पिळलेल्या फडक्यासारखा झाला. दोन मास्टरमध्ये बाह्यरेषा जिथून सुरू होते तो बिंदू वेगळा होता. तो जुळवला आणि सुटलो.

ल आणि श मराठी वळणाचेच मूळ ग्लिफ म्हणून ठेवले आहेत, हिंदी वळण भाषेच्या फीचरमधून, म्हणजे मजकुराची भाषा बघून ग्लिफ बदलणाऱ्या फॉन्टमधल्या सोयीतून, येईल. युनिकोडला, म्हणजे अक्षरांना संगणकी क्रमांक देणाऱ्या पद्धतीला, दोन्ही वळणं एकच. मजकुरावर भाषेची खूण लावायला लोक विसरतात आणि तेव्हा मूळ ग्लिफच दिसतो. तो आपला असावा, एवढा पक्षपात मी करणारच.

चाचणीसाठी सध्या दोन शब्द पुरे पडतात. ‘विद्यार्थ्यांना’ आणि ‘मूर्तींचा’. दुसऱ्यात त वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघं एकाच जागेसाठी भांडतात. अँकर (खूण अक्षरावर नेमकी कुठे बसवायची ते सांगणारे बिंदू) लावून भागलं नाही, तिघांचा मिळून वेगळा ग्लिफ काढला. ह्रस्व वेलांटीच्या मात्र पाच लांब्या केल्यात, क आणि ण सारख्या रुंद अक्षरांवर ती कान्यापर्यंत पोचतच नव्हती.

नऊ वजनांची आता पाच झाली आहेत. आणि काळ्या वजनातला भ अजून बंदच आहे: १३२च्या शिरोरेषेत ७४ची फट म्हणजे नुसता ओरखडा वाटतो. ११०पर्यंत नेऊन पाहिली, तर गाठीला जागाच उरली नाही. उद्या गाठ काढून टाकून नुसतं वळण ठेवून बघतो.