खुरांचे ठसे आणि सल्लागार समिती

राधानगरी तालुक्यातील मामांच्या शेतात गेल्या महिन्यात रात्रीतून गव्यांचा कळप शिरला आणि सकाळी बांधालगतच्या कोवळ्या उसाच्या चार-पाच सऱ्या आडव्या झालेल्या दिसल्या. नुकसानभरपाईच्या पंचनाम्यासाठी अर्ज केला. पण सातबारा सामायिक असल्यामुळे सर्व हिस्सेदारांची संमती हवी होती आणि त्यांतील दोघे मुंबईत. मामा म्हणाले, "चिखल वाळला की खूर दिसंनात, मग म्हणत्यात तुमचीच म्हसरं शिरली असतील."

गव्याविषयी मामांच्या मनात राग नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. याच तालुक्यातील दाजीपूरचे जंगल १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झाले, १९८५ मध्ये ते सुमारे ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत वाढवले गेले, आणि या साऱ्या काळात कडेच्या गावांनी गवा सांभाळून घेतला. २०२१ च्या डिसेंबरमध्ये गवा कोल्हापूर शहराच्या वेशीवर आला, तेव्हा मोबाईल घेऊन धावलो ते आपण शहरवाले.

माझा आक्षेप कायद्याच्या रचनेवर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने संरक्षित क्षेत्रांचे दोन नवे प्रकार आले. शासकीय जमिनीवरील संवर्धन राखीव क्षेत्राच्या समितीत प्रत्येक संबंधित ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो, परंतु ही समिती मुख्य वन्यजीव रक्षकांना केवळ सल्ला देते. खाजगी किंवा सामूहिक जमिनीवरील समुदाय राखीव क्षेत्रात मात्र व्यवस्थापनाची जबाबदारीच समितीकडे असते. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात आजरा-भुदरगड, चंदगड, गगनबावडा, पन्हाळगड, विशाळगड ही क्षेत्रे जाहीर झाली, ती सगळी पहिल्या प्रकारची.

गावाला अधिकार दिला तर जंगल संपेल, ही भीती मला पटत नाही. गडचिरोलीतील मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून गावाने बांबू स्वतः विकला. आपल्याकडे तेवढा बांबू नसेल, पण हिरडा आणि मध आहे, दाजीपूरला येणाऱ्या पर्यटकांचे प्रवेश शुल्क आहे. त्यातील ठरलेला वाटा आणि पंचनाम्याचा पहिला अधिकार गावांचे प्रतिनिधी असलेल्या या समित्यांना मिळावा, एवढी दुरुस्ती झाली तरी पुष्कळ फरक पडेल.

परवा मामांनी ठशांचे फोटो पाठवले. प्रत्येक खुराशेजारी मापासाठी विळा ठेवला होता.