अकरा जण, तीन देश आणि अण्णांचा ड्रायव्हर

गेल्या सप्टेंबरमध्ये आम्ही अकरा जण प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट करून आलो आणि तेव्हापासून लग्नात, वास्तुशांतीला, यंदा तर सोलापूरच्या गड्डा यात्रेत भेळ खाताना पण एकच प्रश्न, काय तयारी केली बे, टूरवाला कोण होता? टूरवाला कोणीच नव्हता. सात महिने गच्चीवर बसून भांडत भांडत आम्हीच केलं सगळं, म्हणून आता एकदाच लिहून टाकतो, परत परत सांगायला नको.

माणसं आधी सांगतो, कारण सगळी भानगड तिथंच आहे. आम्ही चौघं, मामा-मामी, माझा मित्र, त्याची बायको आणि नऊ वर्षांची पोरगी, आणि शेजारचे अण्णा-अक्का. अण्णांचा आधी टॉवेलचा कारखाना होता, आता रिटायर. मुलगा म्युनिकला. तो म्युनिकला आहे हे ध्यानात ठेवा.

तर शेंगेन व्हिसाचा नियम असा की एका व्हिसावर युरोपातल्या शेंगेन गटातल्या सगळ्या देशांत फिरता येतं, पण अर्ज मात्र ज्या देशात तुमच्या जास्त रात्री त्या देशाकडे करायचा, आणि रात्री सारख्याच असतील तर जिथं पहिल्यांदा उतरणार तिथं. आमच्या प्राग तीन, व्हिएन्ना चार, बुडापेस्ट तीन, म्हणजे ऑस्ट्रिया, सरळ हिशोब. सगळी कागदपत्रं त्या हिशोबानं लावली, हॉटेलं बुक झाली आणि मग अण्णा एका रविवारी चहा पिता पिता म्हणाले, "आम्ही दोघं पुढं पोराकडं सहा दिवस राहणार की." झालं. सहा रात्री जर्मनीत म्हणजे त्यांचा अर्ज जर्मनीकडे. अण्णा म्हणे, "काय फरक पडतोय, सगळं एकच युरोप आहे." फरक पडतो! त्यांची फाईल वेगळी, अपॉइंटमेंट वेगळी, वरून पोराचं बोलावणं पत्र वेगळं. त्यांची तारीख आमच्यापेक्षा नऊ दिवस उशिरा मिळाली आणि त्यांचे पासपोर्ट हातात येईपर्यंत माझं बीपी काय होतं ते बायकोला विचारा. ग्रुपनं जाणार असाल तर हॉटेल बघायच्या आधी प्रत्येकाला समोर बसवून विचारा, कोण आधी जाणार, कोण मागं राहणार, कोणाची बहीण कुठं आहे. व्हॉट्सअॅपवर विचारू नका, तिथं सगळे नुसता अंगठा दाखवतात.

बाकी व्हिसाचं पटकन. फी मोठ्यांना 90 युरो, सहा वर्षांपासून बारा वर्षांखालच्या मुलांना 45, त्याखाली फुकट, सर्व्हिस चार्ज वेगळा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण त्या पंधरा दिवसांच्या नादी कोणी लागू नका. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा पाहिजे, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन पानं कोरी. इन्शुरन्स कमीत कमी 30,000 युरोचा. बोटांचे ठसे द्यायला व्हिसा सेंटरला स्वतः जावं लागतं, म्हणजे हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुणे, बारा वर्षांखालच्या मुलांना ठसे नसतात. बँक स्टेटमेंटमध्ये आदल्या आठवड्यात एकदम दोन लाख टाकायचा शहाणपणा मामांनी केला, मग ते पैसे कुठून आले याचं वेगळं पत्र जोडत बसलो. आणि फोटो! 35 बाय 45 मिलिमीटर, मागचा पडदा पांढरा, चेहरा मोठा. आमच्या नेहमीच्या स्टुडिओवाल्यानं प्रेमानं मामीच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या घासून काढल्या, मामी खूश, काऊंटरवरची मुलगी म्हणाली या त्या वाटतच नाहीत. पुण्यात परत काढले.

आता गाडी. अकरा जणं म्हटल्यावर सगळ्यांच्या डोक्यात एकच, एक टेम्पो ट्रॅव्हलर करू, ड्रायव्हर घेऊ, पंढरपूर-तुळजापूर करतो तसं. मित्र म्हणाला मी चालवतो, आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढतो. पण तिथं साध्या कारच्या लायसनवर ड्रायव्हर धरून नऊच सीटची गाडी चालते, आम्ही अकरा. दोन गाड्या करायच्या तर ऑस्ट्रिया, चेक, हंगेरी तिन्हीकडे हायवेसाठी विन्येट, म्हणजे टोलचा पास, वेगवेगळं घ्यायचं आणि दुसरा ड्रायव्हर कोण? मी तर विजापूर रोडच्या बाहेर चालवत नाही.

म्हणून मग फक्त एका दिवसासाठी, व्हिएन्नाहून हॉलस्टॅट या तळ्याकाठच्या गावाला, ड्रायव्हरसकट मिनीबस बघितली. एका बाजूनं साधारण साडेतीन तास. अण्णांचा प्लॅन असा की सकाळी सहाला निघू, हॉलस्टॅट बघू, तिथून साल्झबर्ग, जेवून बिवून रात्री दीडला हॉटेलवर. बसवाल्यांचा मेल आला, जमणार नाही. नऊपेक्षा जास्त सीटच्या गाडीच्या ड्रायव्हरला तिथं दिवसाला नऊ, आठवड्यात फार तर दोनदा दहा तासच स्टिअरिंग धरता येतं, साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं सक्तीची सुट्टी, आणि रोज सलग अकरा तासांची विश्रांती, आठवड्यात काही वेळाच ती नऊवर आणता येते. गाडीत टॅकोग्राफ असतो, तो सगळं लिहून ठेवतो. अण्णा म्हणाले, "वरचे दोन हजार देऊ म्हणावं, माणूस आहे, ऐकेल." मी म्हटलं, अण्णा, माणूस ऐकेल हो, मशीन कसं ऐकणार? दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. साल्झबर्ग गळालं. आपल्याकडं रात्रभर गाडी हाणणाऱ्या ड्रायव्हरला चहा पाजून जागं ठेवण्यात आपल्याला काही वाटत नाही, हे मला त्या मेलनंतर पहिल्यांदा जरा खटकलं.

शहरं मात्र ट्रेननं, आणि ते बेस्ट झालं. प्राग ते व्हिएन्ना चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीनच्या आत. पण एक लक्षात घ्या, तिथं बहुतेक ट्रेनना तिकीट म्हणजे सीट नाही. तिकीट वेगळं, सीटचं रिझर्वेशन वेगळं, थोडे युरो जास्त. नुसतं तिकीट म्हणजे आपलं जनरलचं समजा, जागा मिळाली तर बसा. अकरा जणांनी ते चार पैसे वाचवले तर अकरा डब्यांत बसतील. लवकर बुक केलं की तिकीट स्वस्त पडतं, फक्त ते स्वस्तातलं त्याच ट्रेनला चालतं, ट्रेन चुकली की गेलं. आणि शहरांची नावं प्रत्येक भाषेत वेगळी, व्हिएन्नाला जर्मनमध्ये वीन, चेकमध्ये विदेन्य, हंगेरियनमध्ये बेच. अक्कांनी तिन्ही नावं वहीत लिहून घेतली होती. घरी तेलुगू, बाजारात कन्नड, आमच्याशी मराठी, त्यांना काय विशेष.

खाण्याचं ठरवायला मीटिंग लागली नाही. कडक भाकरी आणि शेंगा चटणी, विषय संपला. कडक भाकरी स्टीलच्या डब्यात ठेवा, पिशवीत ठेवली तर व्हिएन्नाला पोचेपर्यंत पीठ. पण तूप, पेढे, चीज, दुधाचं आणि मटणाचं काहीही युरोपात बाहेरून नेता येत नाही, ताजा कढीपत्ता पण नाही. मामीनं बॅगेच्या तळाशी लपवलेली तुपाची बरणी मी निघायच्या रात्री काढली, अजून बोलून दाखवते.

पैशाचं म्हणाल तर युरो फक्त ऑस्ट्रियात, प्रागला कोरुना, बुडापेस्टला फोरिंट. आम्ही थोडे युरो नेले आणि बाकी कार्डवर. मशीननं रुपयात कापू का विचारलं की नाही म्हणायचं, तिथल्याच पैशात कापू द्यायचं, रुपयाचा भाव ते स्वतःच्या सोयीनं लावतात. नाणी मात्र खिशात पाहिजेतच, स्टेशनवर बाथरूमला पैसे पडतात आणि अकरा जणं एकदम गेले की मोठा खर्च असतो तो. ट्राम-मेट्रोचं कागदी तिकीट मशीनमध्ये पंच करायला विसरायचं नाही. रविवारी ऑस्ट्रियात बहुतेक दुकानं बंद, स्टेशनातलं सुपरमार्केट तेवढं चालू. आम्ही नेमके रविवारी पोचलो, म्हणून ती भाकरी.

अण्णा परवा गच्चीवर भेटले, म्हणाले पुढच्या वर्षी स्वित्झर्लंड करू. मी म्हटलं, करू की, पण आधी पोराकडं किती रात्री राहणार ते सांगा.