दोन नंबरच्या लायनरखालचा थेंब

इंजिन बांधून जेमतेम बारा तास चाललं असेल. पहिल्याच सेल्फला उठलं होतं, आवाज एकसारखा, म्हणून मी जरा ताठ मानेनेच फिरत होतो. मग रेडिएटरमध्ये कूलंट बोटभर कमी दिसलं. आत अडकलेली हवा निघाली असेल, म्हणून भरून टाकलं. चार दिवसांनी पुन्हा बोटभर कमी. बाहेर कुठे ओल नाही, धुरात पांढरेपणा नाही. डिपस्टिक काढली तर तेल खुणेच्या वर! पाणी घटतंय आणि तेल वाढतंय, याचा अर्थ सांगायला मेस्तरी लागत नाही.

इंजिन तीन सिलिंडरचं, ट्रॅक्टरचं डिझेल, वेट लायनरवालं. लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती सुटी नळी; वेट म्हणजे तिच्या बाहेरच्या अंगाला थेट कूलंट लागतं. वरची कॉलर ब्लॉकच्या खाचेत बसते आणि हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, तिला दाबून धरतं. खाली दोन रबरी ओ-रिंगा असतात. त्यांच्या वर पाणी, त्यांच्या खाली क्रँक आणि तेल. मधे राखण करायला फक्त ते रबर.

ट्रॅक्टर रात्रभर हलवला नाही. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं. सकाळी चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा, ड्रेन बोल्ट हळूहळू ढिला केला. आधी हिरवट पाण्याची बारीक धार आली, मग धार जाड आणि काळी झाली. आता पाणी शिरतंय कुठून, हे शोधायचं. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत नव्हते, म्हणजे हेड गॅस्केटवर संशय कमी. या इंजिनाला कूलंटने तेल थंड करणारा ऑइल कूलर नाही, त्यामुळे तोही सुटला.

चेंबर उतरवला, खालून सगळं पुसून कोरडं केलं आणि जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून टोपीवर लिहिला होता तेवढाच दाब दिला, ०.९ बार. त्याहून जास्त देण्यात शहाणपणा नाही, रेडिएटरच फुटायचा. मग पाठीवर पडून टॉर्च धरून वाट बघत बसलो. वीस मिनिटं काही नाही. नंतर दोन नंबरच्या लायनरच्या खालच्या काठावर एक थेंब जमला, फुगला, लोंबला आणि कागदावर टपकला. खरं सांगतो, वाईट वाटण्याआधी बरंच वाटलं.

हेड, पिस्टन, लायनर, सगळं पुन्हा बाहेर. खालच्या रिंगेचा एका बाजूने नखाएवढा काप गेलेला होता. लायनर बसवताना ती पिळली होती आणि ब्लॉकच्या धारदार कडेने सोलली गेली. चूक माझीच. लायनर खाली जाताना एका जागी जड लागला होता आणि मी लाकडाचा ठोकळा ठेवून दोन ठोके घातले होते. नवीन रिंगा घातल्या, सगळं बांधलं, तेल बदललं. तिसऱ्या दिवशी कूलंट पुन्हा कमी. आधीपेक्षा हळू, पण कमीच.

त्या संध्याकाळी रेडिएटरमध्ये ओतायची गळतीबंद पावडर आणावी, असं मनात येऊन गेलं. रबराच्या जागी ती काय टिकणार, आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या मात्र चोंदायच्या. नाही आणली.

ओळखीतले एक जुने फिटर आहेत, मी त्यांना काका म्हणतो. त्यांना बोलावलं. त्यांनी नवी रिंग पाहिलीच नाही. म्हणाले, “लायनर काढ आणि रिंग जिथे टेकते तिथे ब्लॉकला नख फिरव.” मी फिरवलं. “नुसतं फिरवू नकोस रे, सावकाश.” मागच्या बाजूला, जिथे नजर पोचत नाही तिथे, नख अडकलं. गंजाने खाल्लेला खड्डा, तांदळाच्या कणीएवढा. वर क्षाराचा थर बसून तो गुळगुळीत दिसत होता. इंजिन बांधताना मी लायनर नवे घातले, रिंगा नव्या घातल्या, आणि ब्लॉक फक्त फडक्याने पुसला होता.

खड्डा रिंगेच्या पट्ट्याच्या अर्ध्या रुंदीपर्यंतच होता. आरपार असता तर ब्लॉक मशीनवर नेऊन ती जागा बोअर करून बुश बसवावा लागला असता. इथे क्षार खरवडला, जागा तेलरहित केली, धातूची भुकटी असलेलं दोन भागांचं इपॉक्सी भरलं, एक दिवस वाळू दिलं आणि बारीक एमरी पेपरने समपातळीत आणलं. ती धारदार कडही हलकेच मोडली. बाकीच्या दोन जागाही नखाने तपासल्या, त्या ठीक होत्या.

मग मोजमाप. लायनरची कॉलर ब्लॉकच्या पृष्ठभागावर किंचित उभी राहायला हवी, म्हणजे हेड तिला दाबतं. पहिल्या वेळी मी ही उंची रिंगा घालून मोजली होती, पण रबर लायनरला उचलून धरतं. आता रिंगांशिवाय, हाताने दाबून, डायल गेजने चार जागी मोजली: ०.०८, ०.०८, ०.०७ आणि ०.१४ मिमी. शेवटचा आकडा बघून लायनर वर काढला, तर खाचेत कार्बनचा पापुद्रा चिकटलेला. तो काढल्यावर चारही जागी ०.०८ च्या आसपास आलं. माझ्या इंजिनच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेत.

रिंगांना काय लावायचं, हेही काकांनी विचारलं. मी आधी साधं ग्रीस फासलं होतं. काही रबरं खनिज तेलाने फुगतात. या रिंगांच्या पाकिटावर साबणाचं पाणी लिहिलेलं होतं, जे मी वाचलंच नव्हतं. यावेळी साबणाचं पाणी लावलं, रिंग पिळलेली नाही ना हे बोट फिरवून बघितलं, आणि लायनर नुसत्या तळहातांच्या जोराने खाली गेला.

पिस्टन घालण्याआधीच जुनंच गॅस्केट वापरून हेड बसवलं, ०.९ बार दाब दिला आणि रात्रभर ठेवला. सकाळी कागद कोरडा. मगच नवं गॅस्केट, पिस्टन आणि बाकीचं. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगा उघडल्याच होत्या, त्यातली एक पाणीमिश्रित तेलाने निस्तेज पडली होती, म्हणून सगळ्याच बदलल्या. हेडच्या बोल्टांची भोकं पुसून कोरडी केली, कारण तळाशी साचलेल्या पाण्यावर बोल्ट आवळला तर ब्लॉकच तडकू शकतो.

पन्नास तास झाल्यावर परवा ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवला आणि सकाळी ड्रेन बोल्ट दोन आटे ढिला केला. बोटावर पहिला थेंब घेतला. तेल. बोल्ट आवळून हात पुसले.